घट्ट पाणी

८ सप्टेंबर, सोमवार

आज जेवणाच्या गाडीवरून माझ्या हातून एक वाटी पडली. प्लास्टिकची होती, फुटली नाही, सांडलंही फार नाही. पण मला दरदरून घाम फुटला. इन्चार्जबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत हातातल्या कागदात डोकं घातलं. त्या कागदावर माझ्याबद्दलच काहीतरी लिहीत असणार, असं ड्युटी संपेपर्यंत वाटत राहिलं. खोलीवर येऊन धाकटीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "अहो ताई, त्या शब्दकोडं सोडवत असतात त्या वेळी!"

धाकटी म्हणजे माझी खोलीतली सोबतीण. वय सव्वीस, आपल्याच भाषेतली, हे माझं नशीब. ती वरच्या मजल्यावर काम करते, मी खालच्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणते ती मला. माझी सगळी भीती रोज तिच्या कानावर घातली तर ती खोली बदलून मागेल, म्हणून ही वही.

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यात गरगरणार नाही. या वृद्धाश्रमात मी १ नोव्हेंबरला लागले. ३१ ऑक्टोबरला वर्ष भरेल. एका ठिकाणी वर्ष भरलं आणि त्यांनी 'काम समाधानकारक, भाषा पुरेशी' असं पत्र दिलं, की मला इथे कायमचं राहता येतं. त्याच अर्जावर नवरा आणि मुलगी येऊ शकतात. पण मुलगी अठराच्या आतली हवी. आमची ९ डिसेंबरला अठराची होते. मध्ये एकोणचाळीस दिवस. तेवढ्यात अर्ज गेला तर आम्ही तिघं एकत्र. नाही गेला तर ती 'मोठी माणूस', तिने तिची वेगळी रांग लावायची. ती रांग किती वर्षांची असते ते एजंटलाही सांगता येत नाही.

यांचा कारखाना बंद पडल्यावर खरं तर यांनीच अर्ज केले होते. पन्नाशीला आलेल्या माणसाला कोणी विचारेना. तेव्हा एजंट म्हणाला, "वहिनींना काय येतं?" मला काय येणार? लकवा झालेल्या सासऱ्यांचं चार वर्षं अंथरुणावर केलं, तेवढंच. मुलाखतीत मी तेच सांगितलं. चार वर्षं, आणि अण्णांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. तिकडच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला घेतलं. म्हणजे अण्णांच्याच पुण्याईवर मी इथे आहे म्हणायचं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मोजणीदार आजोबा इस्पितळातून परत आले. आयुष्यभर जमिनी मोजत हिंडलेला माणूस. अजूनही चांगल्या हाताच्या वितीने पलंगाचा कठडा मोजतात, मला बोटांवर आकडा दाखवतात आणि मी चूक म्हटलं की खूश होऊन परत मोजतात. आता लकव्याचा दुसरा झटका आला. डावी बाजू पुरती गेली, बोलणं म्हणजे एखादा शब्द.

त्यांच्यासाठी इन्चार्जबाईंनी आम्हा खालच्या मजल्यावाल्यांना गोळा करून नवीन पद्धत दाखवली. डब्यातल्या पांढऱ्या पावडरची दोन मापं ग्लासभर पाण्यात घालायची, ढवळायची, थांबायचं. पाणी खळीसारखं घट्ट होतं. तेच चमच्याने द्यायचं. ग्लास संपला की तक्त्यावर खूण आणि सही. बाई आगगाडीसारख्या बोलतात. मला पावडर, पाणी, चमचा, सही एवढं कळलं. मधलं बरंच निसटलं. शेवटी त्यांनी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. 'प्रशिक्षण मिळालं, समजलं' या कागदावर सही केली.

विचारायला हवं होतं का? पण पुन्हा विचारलं तर बाईंच्या मनात येणार, हिची भाषा पुरेशी नाही. पत्राला सात आठवडे उरलेत. आत्ता तोंड उघडून कशाला विषाची परीक्षा घ्यायची? बहुतेक ताकदीची पावडर असणार. इस्पितळातून आलेल्याला देतातच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मोजणीदार ते घट्ट पाणी तोंडात धरतात आणि थुंकतात. पाच दिवस हेच. ओठ सोलवटलेत, जीभ कोरडी पडलीय. आज माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "पाणी." ग्लास पुढे केला. मान फिरवली. परत, "पाणी."

माझी आई म्हणायची, वैऱ्यालाही पाण्याला नाही म्हणू नये. मी दार लोटून घेतलं. नळाचं साधं पाणी आणलं आणि अण्णांना द्यायचे तसं गालाच्या कडेने चमच्याने सोडलं. तीन चमचे. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. मग ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला, झाला शांत. अण्णांनाही लागायचा ठसका. त्याला काय घाबरायचं!

घाबरले दुसऱ्याच गोष्टीला. दार उघडलं तेव्हा बाहेर पावलं वाजत होती. धुण्याचे कपडे न्यायला आलेली बाई होती ती. घट्ट पाणी बेसिनमध्ये ओतलं, तक्त्यावर 'ग्लास संपला' अशी खूण केली.

२१ सप्टेंबर, रविवार

घरी फोन. मुलगी म्हणाली, "आई, तिकडे माझ्या वाटणीला खिडकी येईल ना?" तिला खिडकीजवळ अभ्यासाला बसायचंय. कॉलेजात नाव घातलंय, पण पुस्तकं विकत घेत नाही. म्हणते तिकडे येऊन वेगळीच लागतील. मी ओरडले. आधी पुस्तकं घे म्हटलं. तर मागून हे म्हणतात, "अगं, चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे आता. तू कशाला अपशकुनासारखं बोलतेस?"

यांनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून टाकलंय. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

२८ सप्टेंबर, रविवार

बारा दिवस झाले, रोज सकाळी पाणी पाजते. आता तीन चमच्यांवर नाही भागत, अर्धा ग्लास घेतात. ठसका लागतो, थांबतो. काल त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून माझा दंड मोजला आणि हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले.

आज इन्चार्जबाईंनी तक्ते चाळता चाळता मला हाक मारली. माझं धाबं दणाणलं. त्या म्हणाल्या, "फक्त तुझ्याच ड्युटीत यांचे ग्लास पूर्ण संपतात. संध्याकाळच्या तक्त्यावर बघ, अर्धा, पाव, घेतलं नाही. तू कसं करतेस?"

मी म्हटलं, "घरी सासऱ्यांचं केलंय, म्हणून."

"पत्रात लिहीन हे," म्हणाल्या.

आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. नियम मोडला हे मला ठाऊक आहे. पण नियम करणाऱ्यांना हे थोडंच माहीत, की पाणी पाजणाऱ्या हाताला कळतं किती द्यायचं ते. हातच नसेल धड तर पावडर. संध्याकाळची बिचारी लांब वेणीवाली नवीन आहे, जुलैत लागली. तिला जमत नाही. एकदा दाखवीन तिला. नको, पत्र हातात पडू दे आधी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मोजणीदारांना ताप. श्वास घेताना घरघर वाजते. डॉक्टर येऊन गेले. हवा पालटलीय, म्हाताऱ्या माणसांना बाधतेच. अण्णांनाही शेवटच्या वर्षात तीनदा असाच ताप भरला होता.

आज पाणी मागितलं नाही. मीच थोडं दिलं, तापात घसा सुकतो म्हणून.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी कामावर गेले तर पलंग रिकामा. काल इस्पितळात नेलं. आम्हा सगळ्यांना इन्चार्जबाईंनी जेवणाच्या खोलीत उभं केलं. आज त्या सावकाश बोलत होत्या. एकेक शब्द सुटा, मला सगळं कळत होतं.

"छातीत पाणी गेलंय. कोणी साधं पाणी, चहा, काहीही पातळ दिलं का?"

मी जमिनीवरच्या फरशा बघत होते. छातीत पाणी कसं जाईल? पोटात जातं ना पाणी?

खोलीवर आल्यावर धाकटीला विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं, भांडी विसळत. वरच्या मजल्यावर तसे तिघं आहेत, तिला माहीत होतं. म्हणाली, "अहो ताई, लकव्यात गिळणंच बिघडतं ना! पातळ पाणी सरळ श्वासनळीत जातं. घट्ट केलं की सावकाश उतरतं, म्हणून ती पावडर. तुम्हाला सांगितलं नाही का ट्रेनिंगमध्ये? ठसका लागला की समजायचं, चुकीच्या वाटेने गेलं. मग ताप, मग न्यूमोनिया. आमच्याकडे एक आजी त्यानेच गेल्या."

"ठसका लागला की?"

"हो. तीच तर खूण."

मी नळ बंद केला. ती पुढे काहीतरी बोलत होती.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अण्णांना रोज ठसका लागायचा.

८ ऑक्टोबर, बुधवार

शेवटच्या वर्षात तीन ताप. तिसऱ्यात गेले. डॉक्टर म्हणाले होते, छाती भरलीय, वय झालंय. आम्हाला कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही. ना डॉक्टरने, ना त्या मालिशवाल्याने, ना आल्यागेल्याने. उलट सगळे बघून म्हणायचे, सून असावी तर अशी. तापात तर मी जास्तच पाजायचे. पाठीवरून हात फिरवायचे. ते माझ्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, उपकाराने बघतात.

बाराव्याला हे सगळ्यांसमोर रडत म्हणाले होते, "हिने माझ्या बापाला पाण्याचा थेंब कमी पडू दिला नाही."

आज कामावर हातमोजे उलटे घातले. दोनदा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वेणीवालीला घरी बसवलंय. तपास होईपर्यंत कामावर यायचं नाही. हिशेब सरळ आहे: सकाळी माझ्याकडे म्हातारा सगळे ग्लास संपवत होता, म्हणजे सकाळी सगळं ठीक. संध्याकाळी तिच्याकडे अर्धे, पाव. म्हणजे तिनेच कंटाळून काहीतरी पातळ दिलं असणार. तिने खरं लिहिलं म्हणून ती अडकली आणि मी खोटं लिहिलं म्हणून मी सुटले.

ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती, वेणी पुढे घेऊन. तिचंही पत्र यायचंय, मागे एकटी आई आहे. मला बघून म्हणाली, "ताई, तुम्ही तरी सांगा ना त्यांना, मी काही दिलं नाही. तुमचं ऐकतील त्या."

मी "बघते" म्हटलं. बघते! आणि बस पकडली.

तिच्या डोळ्यांची भीती वाटते. बाईंची वाटते, इस्पितळातून येणाऱ्या फोनची वाटते. म्हातारा गेला तर? तो बरा होऊन बोलला तर? दोन्हीची सारखीच भीती वाटते आणि त्या सारखेपणाची किळस येते.

१२ ऑक्टोबर, रविवार

यांना सांगितलं. मोजणीदारांचं तेवढंच. मुलगी क्लासला गेली होती.

हे म्हणाले, "तू मुद्दाम केलंस का?"

"नाही हो."

"मग झालं तर. एकोणीस दिवस राहिलेत. तोंडाला कुलूप लाव."

"त्या पोरीचं काय?"

"अगं, तिच्यावर सिद्ध काय होणार? तिने दिलंच नाही तर सुटेल ती. तू बोललीस तर आपल्या पोरीचं काय, ते आधी बघ."

खोटं नाही बोलत ते. मलाही हेच वाटत होतं, म्हणून तर त्यांना विचारलं. कुणीतरी गप्प बस म्हणावं एवढ्यासाठीच विचारलं. पण ऐकल्यावर बरं वाटलं नाही.

दुपारभर पलंगावर पडून राहिले. डॉक्टरला माहीत नसेल, कुणी किती पाजलं, किती दिवस पाजलं. ते आपले एखाद्या दिवसाची चूक समजून औषध देत असतील. अण्णांच्या वेळी कुणी मला एका शब्दाने सांगितलं असतं तर. आता सांगायला मीच एकटी आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काल रात्रीच धाकटीकडून चार वाक्यं इथल्या भाषेत लिहून घेतली. लिहिता लिहिता तिला सगळं कळलं. शेवटच्या वाक्यात एक चूक झाली होती ती तिने खोडून नीट केली आणि कागद दिला.

इन्चार्जबाईंच्या खोलीत गेले. खुर्चीवर बसायचं सुचलं नाही. उभ्यानेच वाचलं. साधं पाणी मी दिलं. १६ तारखेपासून, रोज. तक्ता खोटा लिहिला. संध्याकाळच्या मुलीने काही केलेलं नाही.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी फोन उचलला आणि इस्पितळात लावला. मला मध्ये मध्ये विचारत होत्या: किती, कसं, ठसका कधीपासून. मी सांगत गेले. फोन ठेवून म्हणाल्या, "कळलं नव्हतं तर विचारलं का नाहीस?"

"पत्रात लिहावं लागतं ना," मी म्हटलं, "भाषा पुरेशी."

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी त्या दिवशी अकरा जणींना शिकवलं. किती जणींना कळलं, मलाही माहीत नाही."

मग त्यांनी नियम सांगितला, हळूहळू, मला कळेल असा. चौकशी बसणार. बाहेरचे लोक येणार. जानेवारी तरी उजाडेल. चौकशी चालू असताना कुणालाच पत्र देता येत नाही. तोवर काढून टाकणार नाहीत, कपडे धुवायच्या खोलीत काम मिळेल. आजोबांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

"नोव्हेंबरात नाहीच का?" मी विचारलं. उत्तर माहीत असून विचारलं.

"नाही."

वेणीवालीला त्यांनी माझ्यासमोरच फोन करून बोलावून घेतलं. मी बाहेर आले. कपाटाची किल्ली कुलपात जाईना, तीन वेळा खाली पडली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

मोजणीदार परत आले. बचावले. डॉक्टरांनी औषध बदललं म्हणे. अर्धे झालेत.

मी धुतलेल्या चादरींची गाडी घेऊन त्यांच्या दारावरून जात होते. दार उघडं होतं. त्यांनी मला पाहिलं, हात वर केला आणि म्हणाले, "पाणी."

मी गाडी धरून उभी राहिले. ते अगदी लाडाने बोलले हो. दुसऱ्या कुणी नाही दिलं तरी मी हमखास देणारी. परत म्हणाले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी वेणीवालीला हाक मारली. ती आली, पावडर घातली, ढवळलं, थांबली. त्यांनी पहिला चमचा थुंकला, दुसराही. तिसरा गिळला, ठसका लागला नाही. पण चमच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते, हिने का असं केलं म्हणून. मला चादरी पुढे न्यायच्या होत्या, नेल्या.

वेणीवाली माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज घरी सांगितलं. मधल्या रविवारी कामाचं निमित्त करून फोन टाळला होता. एकच रविवार, पण तोही फार झाला.

मुलगी आधी बोलली. मी म्हटलं, पत्र जानेवारीच्या आधी मिळत नाही. तिला हिशेब समजावून सांगावा लागला नाही. म्हणाली, "म्हणजे बाबा येऊ शकतील, मी नाही." मग म्हणाली, "ठीक आहे आई. उद्या पुस्तकं घेते." आणि फोन बाबांकडे देऊन आत गेली. दार लागल्याचा आवाज मला इथे ऐकू आला.

हे फोनवर आले ते चिडलेलेच. "गप्प बस म्हटलं होतं ना मी?"

"म्हणाला होतात."

"मग? कुणाच्या कोण परक्या म्हाताऱ्यासाठी स्वतःच्या पोरीच्या पायावर धोंडा पाडलास?"

मग तेच विरघळले. रागावले की त्यांचं असंच होतं, दोन मिनिटांत स्वतःच समजूत काढायला लागतात.

"बरं, जाऊ दे. होईल काहीतरी. पण मला एक सांग, त्या लोकांना तुझी किंमत आहे का? ज्या बाईने माझ्या बापाला चार वर्षं स्वतःच्या हाताने पाणी पाजलं, शेवटच्या दिवसापर्यंत, तिला हे शिकवणार पाणी कसं पाजायचं? तू सांगितलंस का त्यांना अण्णांचं? चौकशीत ते सांग आधी. नाहीतर मला फोन जोडून दे, मी सांगतो. मी डोळ्यांनी बघितलंय."

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. वाट बघत होते.

"सांगितलंय," मी म्हटलं. "त्यांना माहीत आहे अण्णांचं."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. पोरीला जेवायला बोलवा आणि तुम्हीही जेवून घ्या."